निर्वासितांची मुले, सत्याग्रहींची मुले : वर्धा ते फरीदाबाद

फरीदाबादच्या बी. के. चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ‘बी. के.’ ही अक्षरे बादशाह खानांची असल्याचे ठाऊक असावे. चौकाजवळच्या रुग्णालयाला सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी आपल्या नेत्याचे नाव दिले आणि १९५१ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. मात्र या वसाहतीच्या इतिहासाचा एक धागा विदर्भात जातो, आणि तो मुलांच्या शिक्षणाचा आहे.

ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटलेल्या खान अब्दुल गफार खानांना पंजाब व सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी होती. ते जमनालाल बजाजांचे पाहुणे म्हणून वर्ध्यास राहिले आणि विलायतेत असलेली आपली मुलगी मेहर ताज हिला त्यांनी वर्ध्याच्या मुलींच्या आश्रमात शिकण्यासाठी बोलावून घेतले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र, पुढे पश्तोचे मोठे कवी ठरलेले गनी खान, याच सुमारास शांतिनिकेतनात होते. डिसेंबरमध्ये मुंबईतील एका भाषणाबद्दल वडिलांना वर्ध्यातच पुन्हा अटक झाली. या अपत्यांची काळजी घेतली ती कोणत्या निधीने वा नियमावलीने नव्हे. होते ते आतिथ्य. हे आतिथ्य थोर होते, पण ते नेत्याच्या मुलांपर्यंतच पोचू शकत होते. हजारो सामान्य खुदाई खिदमतगारांच्या घरी काय चालले असेल, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम सेवाग्रामहून चाले. जाफनाचे ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि बंगाली आशादेवी हे त्याचे आधारस्तंभ. दोघेही रवींद्रनाथांच्या परिसरातून आलेले. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातील सुमारे ३० हजार हिंदू-शीख निर्वासितांनी, ज्यांच्या पुढाऱ्यांत खुदाई खिदमतगार होते, विखरून वसण्यास नकार दिला. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये फरीदाबादची उभारणी सुरू झाली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने निर्वासितांच्याच सहकारी संस्थांमार्फत घरे बांधण्याचा आग्रह धरला, आणि शिक्षणाची सूत्रे आर्यनायकम दांपत्याकडे गेली. बहुतांशी व्यापारी पेशाची ही माणसे विटा रचू लागली. त्यांच्या मुलांना हस्तोद्योगातून शिकवण्याची नई तालीम योजण्यात आली. आईबाप जे करीत होते तेच शाळेत प्रतिष्ठेचे ठरावे, ही कल्पना एरवी कागदावरच राहते. येथे तिला अकस्मात जमीन मिळाली.

येथे एक भेद मात्र स्पष्ट करणे भाग आहे. ही कुटुंबे मुख्यतः धर्मामुळे विस्थापित झाली होती. राजकारणामुळे छळली गेली ती मागे राहिलेली मंडळी. १९४८ च्या जूनमध्ये बादशाह खानांना पाकिस्तानात अटक झाली आणि १२ ऑगस्टला चारसद्द्यानजीक बाबडा येथे निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. त्या घरांतील मुलांपर्यंत सेवाग्रामचा हात पोचणे आता अशक्य होते. ज्यांचा दावा सर्वांत सबळ होता, त्यांच्याच वाट्याला सीमारेषा आली.

तुलनेसाठी अमेरिकेतील रोझेनबर्ग फंड फॉर चिल्ड्रनचे उदाहरण उद्बोधक ठरावे. ज्युलियस व एथेल रोझेनबर्ग यांना १९ जून १९५३ रोजी देहान्त शिक्षा झाली, तेव्हा त्यांचे मुलगे दहा व सहा वर्षांचे होते. वकील इमॅन्युएल ब्लॉक यांनी जमवलेल्या निधीवर आणि एबल व अ‍ॅन मीरोपोल यांच्या घरात ते वाढले. धाकट्या रॉबर्टने १९९० मध्ये या ऋणाचे संस्थेत रूपांतर केले. २०१३ मध्ये तिची धुरा त्याच्या मुलीकडे गेली. संस्थेची मदत पालकांच्या हाती न जाता शाळा, शिबिर वा समुपदेशकाकडे जाते. पात्रतेची मुख्य कसोटी : पुरोगामी कार्यामुळे पालकांना सोसावा लागलेला छळ. म्हणजे मुलाला मदत मिळते तेव्हाच त्याच्या आईबापांनी काय केले याची नोंदही होते.

फरीदाबादेत नेमके उलट घडले. आतिथ्याची जागा सार्वजनिक व्यवस्थेने घेतली, लाभार्थी एकावरून हजारोंवर गेले, ही वाढ निःसंशय मोठी. पण पात्रतेचा शब्द ‘निर्वासित’ हा होता. त्या एका शब्दात १९३० च्या किस्साख्वानी बाजारातील गोळीबारानंतरची सारी लाल डगलेवाल्यांची परंपरा मावत नव्हती. पन्नाशीच्या दशकात वसाहत सरकारी खात्यांच्या नित्य कारभाराखाली गेली, तसे सहकार आणि नई तालीम हे दोन्ही प्रयोग मागे पडले. या कामात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी ‘द सिटी ऑफ होप’ (१९९८) या ग्रंथात ही कहाणी आस्थेने आणि काहीशा संतापानेही सांगितली आहे. तो संताप अनाठायी म्हणवत नाही.

२०२० च्या डिसेंबरमध्ये रुग्णालयाला अटलबिहारी वाजपेयींचे नाव देण्याचे पत्र निघाले. विरोध नोंदवणाऱ्यांत त्या पहिल्या निर्वासित कुटुंबांतील माणसे होती. इमारत आपल्या वडिलधाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, हा त्यांचा मुद्दा होता.