रॉकफेलर घराणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक विख्यात उद्योगपती घराणे. खनिज तेलाच्या धंद्यात मिळविलेली अमाप संपत्ती आणि शिक्षण, वैद्यक व कृषी या क्षेत्रांत तिचा संस्थांमार्फत केलेला विनियोग यांकरिता ते प्रसिद्ध आहे.

घराण्याचा संस्थापक जॉन डेव्हिसन रॉकफेलर (८ जुलै १८३९–२३ मे १९३७) याचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील रिचफर्ड येथे झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो क्लीव्हलंड येथे हिशेबनीस म्हणून नोकरीस लागला. १८६३ मध्ये तो तेलशुद्धीकरणाच्या धंद्यात शिरला व १८७० मध्ये त्याने सहकाऱ्यांसह ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनी स्थापन केली. रेल्वे कंपन्यांकडून वाहतूकदरांत गुप्त सवलती मिळवून व प्रतिस्पर्ध्यांचे कारखाने विकत घेऊन तिने १८८० च्या सुमारास देशातील सु. ९० टक्के तेलशुद्धीकरण आपल्या हाती घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९११ मध्ये या मक्तेदारीचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले.

शिकागो विद्यापीठ (१८९०), रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था (१९०१) व रॉकफेलर प्रतिष्ठान (१९१३) या संस्था त्याच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. मात्र हे दातृत्व निर्वेध स्वीकारले गेले नाही. प्रतिष्ठानाला राष्ट्रीय सनद देण्यास काँग्रेसने संमती दिली नाही. अखेर न्यूयॉर्क राज्याने ती दिली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील लडलो येथे, घराण्याचे नियंत्रण असलेल्या खाणकंपनीच्या संपकऱ्यांच्या छावणीवर हल्ला होऊन स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. त्यामुळे हा लोकोपकार म्हणजे कामगारांच्या व ग्राहकांच्या पिळवणुकीवरील पांघरूण होय, अशी टीका झाली.

महाराष्ट्राचा या घराण्याच्या संपत्तीशी दोन मार्गांनी संबंध आला. रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. या केंद्राने १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर वनज्वराच्या विषाणूचा शोध लावला. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

दुसरा मार्ग मुंबईच्या उपनगरातील आरे कॉलनीपर्यंत पोहोचतो. संस्थापकाच्या पाच नातवांनी १९४० मध्ये रॉकफेलर बंधू निधी स्थापन केला. त्याच्या विश्वस्तांनी १९५७ मध्ये फिलिपीन्सचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय यांच्या स्मरणार्थ पुरस्कार सुरू केले. महाराष्ट्रातील विनोबा भावे हे १९५८ चे, तर चिं. द. देशमुख हे १९५९ चे मानकरी होत. मुंबई शहरातील कोंदट तबेल्यांतील म्हशी गोरेगावजवळील सरकारी जमिनीवर हलवून १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. खाजगी मालकांच्या जनावरांना तेथे गोठे मिळाले आणि त्यांचे दूध सरकारी यंत्रणेमार्फत शहरात वितरित होऊ लागले. या योजनेचे शिल्पकार, दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ चा मागसायसाय पुरस्कार मिळाला. खेडा जिल्ह्यातील सहकारी दुग्धव्यवसायाचे प्रवर्तक त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन हे सहमानकरी होते. खाजगी मक्तेदारीतून साठलेल्या धनातून अशा रीतीने सरकारी व सहकारी उद्यमाचा गौरव झाला.

संपत्तीच्या उगमाचा प्रश्न घराण्याच्या पुढील पिढ्यांनाही टाळता आला नाही. खनिज इंधनाच्या धंद्यातील आपली गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय रॉकफेलर बंधू निधीने २०१४ मध्ये जाहीर केला.