पाटीमागचा कायदा

लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीजवळ डिसेंबर १८६८ मध्ये एक उंच खांब उभा राहिला. रेल्वेच्या सिग्नलला असतात तसे त्याला हात होते. दिवसा हे हात वर-खाली व्हायचे आणि रात्री लाल-हिरवा गॅसचा दिवा लागायचा. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे अभियंत्याची ही कल्पना. रस्त्यावरचा पहिला सिग्नल म्हणून त्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. महिन्याभरात गॅसचा स्फोट झाला आणि खांबापाशी उभा असलेला पोलीस जखमी झाला, हेही सांगितले जाते. एक बाब मात्र बहुधा सुटते. खांबाबरोबरच पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांनी एक छापील सूचना काढली होती. तिच्यात लाल म्हणजे ‘थांबा’ होते, पण हिरवा म्हणजे ‘जा’ नव्हता. हिरवा म्हणजे ‘जपून’! पायी चालणाऱ्यांकडे लक्ष ठेवून गाडी पुढे न्या, असा त्याचा अर्थ.

तेव्हा दिव्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो, तो कुणीतरी द्यावा लागतो. लंडनमध्ये खांब एकाचा आणि सूचना दुसऱ्याची होती. अभियंत्याने पाटी किंवा दिवा कसा असावा ते ठरवायचे आणि कायद्याने तो न पाळल्यास काय होईल ते ठरवायचे, ही विभागणी जगभर तशीच चालत आली. आपल्या देशात या दोन लेखण्यांचा मेळ कसा घातला गेला, ते पाहण्यासारखे आहे.

मोटारींचा आपल्याकडचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा. तो छोटा होता आणि बराचसा तपशील प्रांतांच्या नियमांवर सोडलेला होता. पुढे मोटारी वाढल्या, रस्ते पुरेनात. म्हणून १९२७ मध्ये सरकारने रस्तेविकासाची एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, तेच जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांचे नाव तिथल्या ग्रंथालयाला आहे. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. पेट्रोलवर जादा कर घेऊन त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारावा, ही तिची शिफारस सर्वांना ठाऊक असते. देशभरच्या रस्ते अभियंत्यांना एकत्र बसून आपले ज्ञान वाटून घेता यावे, अशी संस्था हवी, ही दुसरी शिफारस. त्यातून डिसेंबर १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ जन्मली. या काँग्रेसचा निवडणुकांशी काही संबंध नाही, हे आपले जाता जाता.

पाच वर्षांनी, १९३९ मध्ये, नवा मोटार वाहन कायदा आला. म्हणजे एका घरात अभियंते मानके लिहीत होते आणि दुसऱ्या घरात कायदा लिहिला जात होता. रस्त्यावरच्या चिन्हांची अभियंत्यांची संहिता १९७७ मध्ये निघाली. रस्त्यावरची चिन्हे आणि सिग्नल यांविषयीचा व्हिएन्नाचा आंतरराष्ट्रीय करार १९६८ चा, त्यात भारत १९८० मध्ये सामील झाला. आणि आज आपण ज्याच्याखाली गाड्या चालवतो तो मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, १ जुलै १९८९ पासून लागू झालेला. आधी संहिता, मग करार, शेवटी कायदा!

या कायद्याचे ११६ वे कलम वाचायला मोठे मौजेचे आहे. चिन्हांची चित्रे खुद्द कायद्याच्या अनुसूचीत दिली आहेत. आकार, रंग, प्रकार आणि अर्थ अनुसूचीत आहेत तसेच हवेत. राज्य सरकारला एवढीच मोकळीक की, पाटीवरचे शब्द वा आकडे आपल्या लिपीतही लिहावेत, पण तेही मूळ शब्दांच्याच मापाचे आणि रंगाचे. आपल्याकडच्या ‘थांबा’ला कायद्यात जागा आहे ती अशी. या कलमाबाहेर कुणीही रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावायचे नाही. पुण्यातल्या फाटकांवरच्या ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ या पाट्यांचे काय, असे कुणी विचारील. फाटक अडवणे वाईटच, पण हवा सोडण्याचा अधिकार अनुसूचीत कुठे सापडत नाही.

आता अडचण पाहा. संहिता अभियंत्यांच्या हातात असते, ती त्यांनी २००१, २०१०, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली. कायदा इतक्या वेळा कोण बदलणार? कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणून त्याच कलमात एक खिडकी ठेवली आहे. आपण सामील असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराशी जुळवून घेण्यासाठी केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून चिन्हांत भर घालू शकते, फेरफार करू शकते. संसदेत जावे लागत नाही. खिडकी चांगली आहे, पण शब्द नीट वाचा. ती कराराच्या नावाने उघडते, अभियंत्यांच्या संहितेच्या नावाने उघडत नाही.

११९ वे कलम चालकाला बांधून घेते. बंधनकारक चिन्ह म्हणजे काय? अनुसूचीच्या पहिल्या भागातले, किंवा त्यासारखे, म्हणजे लाल पार्श्वभूमीची वा लाल कडेची गोल तबकडी असलेले. अष्टकोनी ‘थांबा’ आणि पांढऱ्या बाणाच्या निळ्या गोल पाट्या बंधनकारक ठरतात त्या अनुसूचीत नाव आहे म्हणून. उद्या अभियंत्यांनी आज्ञा देणारी एखादी नवीच निळी पाटी काढली, तर ‘त्यासारखे’ या शब्दात ती बसत नाही. तिला आधी अनुसूचीत यावे लागेल. तोवर ती रस्त्यावर दिसेल, पण चालकाने ती मोडली तर त्याला कशाच्या आधारे धरायचे?

सर्वांत जास्त गाठ पडते ती वेगमर्यादेशी. ११२ वे कलम म्हणते की, राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर वेगळी मर्यादा घालायची तर राजपत्रात अधिसूचना काढावी आणि योग्य जागी चिन्हेही लावावीत. या वाक्यातला ‘आणि’ महत्त्वाचा. निर्बंध महिन्याभराहून अधिक नसेल तर अधिसूचनेची सूट आहे, एरवी दोन्ही हवे. आता घाटाच्या तोंडाशी असलेली ‘४०’ची पाटी डोळ्यांसमोर आणा. पाटी आहे, पण कागद निघालाच नाही, तर दंड कशाचा? उलट कागद आहे आणि पाटी कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाफलकामागे गेली आहे, तर चालकाला मर्यादा कळणार कशी? (असा आड येणारा फलक काढण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना देऊ शकते, तेही ११६ मध्येच आहे.) माझ्या मते या दुसऱ्या प्रकारात नुकसान जास्त. दंड चुकला तर पैसे वाचतात, पण पाटी दिसली नाही तर वळणावर माणसे जातात.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९६३ मध्ये वॉरबॉइज समितीने चिन्हे नव्याने आखून द्यायचे सुचवले आणि १९६४ मध्ये ती सरकारी नियमावलीत आली. अभियंत्यांचे चित्र हाच तिथे कायदा झाला. अमेरिकेत वाहन कायद्याचा नमुना १९२६ चा आणि चिन्हांची राष्ट्रीय पुस्तिका १९३५ ची. दोन्ही वेगळ्या, आणि राज्ये अनेक. तिथली ‘स्टॉप’ची पाटी १९५४ पर्यंत पिवळी होती, सांगून खरे वाटत नाही!

आपल्या कायद्यात इतकी वर्षे चालकाने काय करावे ते होते. पाटी नीट न लावणाऱ्याचे काय, हे फारसे नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. केंद्र सरकारने ठरवून दिलेली रस्त्याच्या आखणीची, बांधणीची आणि देखभालीची मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारसंस्थेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या तेही तिथे लिहिले आहे. रस्ता कसा होता, त्यावर कोणती वाहतूक अपेक्षित होती, धोका ठाऊक होता का. आणि त्यांतच एक प्रश्न असा आहे की, रस्त्याच्या अवस्थेचा इशारा देणारे कोणते फलक तिथे लावलेले होते.