ठाकुर्लीचं पॉवर हाऊस आणि आगारांची संग्रहालयं

आजचा विषय वरवर साधा आहे. गाड्यांची एखादी शेड, बसचं आगार किंवा रेल्वेला वीज पुरवणारं केंद्र बंद पडलं, की त्या जागेचं काय करायचं? हल्ली याचं उत्तर चटकन मिळतं : संग्रहालय करा, शेजारी दुकानं, उपाहारगृह, सभागृह काढा, म्हणजे खर्चही निघेल. उत्तर वाईट नाही. पण ते केव्हा जमतं आणि केव्हा फसतं, हे आपण जरा इतिहासात जाऊन पाहू.

सुरुवात आपल्याच भागातून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, चौतीस किलोमीटरचा प्रवास. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. हे मात्र फार जणांच्या लक्षात नसतं. कल्याणहून मार्ग फुटले. एक थळघाटातून नाशिककडे, दुसरा बोरघाटातून पुण्याकडे. घाटाच्या पायथ्याचं जंक्शन म्हटल्यावर तिथं इंजिनं लागणार, यार्ड लागणार, आणि ती चालवणारी माणसं राहायला येणार. जुन्या बंदराच्या गावाला रेल्वेचं गाव जोडलं गेलं ते असं.

घाट चढताना वाफेच्या इंजिनांचा जीव निघायचा. काही ठिकाणी चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढं जाताना एक फूट वर. म्हणून विजेचा विचार झाला. ३ फेब्रुवारी १९२५ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. १९२८मध्ये कल्याणला विजेच्या इंजिनांची शेड झाली. १९३०पर्यंत पुणे आणि इगतपुरी या दोन्ही बाजूंना तारा पोचल्या. आणि या सगळ्याला वीज हवी, म्हणून जीआयपी रेल्वेनं ठाकुर्लीला, चोळेगावाजवळ, १९२९मध्ये स्वतःचं पॉवर हाऊस उभं केलं. कोळसा रेल्वेनंच आणायचा, आणि उल्हास नदी जवळच. ठाकुर्ली-डोंबिवलीची ओळख आज लोकलच्या गर्दीवरून होते. एके काळी ती या केंद्रावरूनही व्हायची.

हे पॉवर हाऊस १९८०च्या दशकात बंद झालं. पुढं त्याच परिसरात नवा वीजप्रकल्प करण्याची घोषणाही झाली. कल्याणची शेड काळाप्रमाणं बदलली आणि चालू राहिली. पण २०१६पर्यंत मुंबई परिसरातला डीसी प्रवाहच गेला आणि २५,००० व्होल्टचा एसी आला. म्हणजे १९२५ला सुरू झालेलं एक अख्खं तंत्रयुग संपलं. घाटात मालगाड्या ओढणारं, रेल्वेवाले ज्याला ‘खेकडा’ म्हणायचे, ते इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलंय. इंजिन दिल्लीला गेलं, पण ते चालवणाऱ्यांची, दुरुस्त करणाऱ्यांची घरं इकडेच राहिली.

आता जरा बाहेरचं उदाहरण घेऊ. ॲमस्टरडॅममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं ट्रामचं एक मोठं आगार होतं. १९९०च्या दशकात ट्राम तिथून हलल्या. पुढची बरीच वर्षं योजना आल्या नि बारगळल्या. शेवटी परिसरातल्या लोकांना बरोबर घेऊन एक आराखडा झाला आणि २०१४मध्ये ‘द हालन’ या नावानं आगार पुन्हा उघडलं. आत काय आहे? सार्वजनिक वाचनालय, चित्रपटगृहं, खाण्याचे गाळे, हॉटेल, कारागिरांच्या जागा. जमिनीतले रूळ तसेच ठेवलेत. जुनी वास्तू टिकली, कारण शेजारच्या माणसाला तिथं मंगळवारी संध्याकाळीसुद्धा काही काम असतं. पुस्तक बदलायचं असतं, सायकल दुरुस्त करायची असते. एकदा बघून झालं की संपलं, असं तिथं होत नाही.

मुंबईचं उदाहरण वेगळं आहे. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम धावली. बेस्टनं आपलं संग्रहालय ठेवलंय ते आणिक आगारात, चालू आगाराच्या आवारात. जुनी तिकिटं, यंत्रं, फोटो, सगळं जपलंय. म्हणजे आगार बंद पडायची वाट बघायला हवी असंही नाही.

फसण्याचा धडा मात्र गिरण्यांकडून घ्यावा लागतो. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांची बहुतेक जमीन इमारतींखालीच होती. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. नियमातले दोन-चार शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याची जमीन गेली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं, तेही वर्षानुवर्षं रेंगाळलं. तोवर गिरणीत काम केलेली पिढी म्हातारी झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आगाराचं संग्रहालय वास्तुविशारदाच्या नकाशाआधीच घडतं किंवा बिघडतं. जागा बंद होते त्याच वेळी दोन गोष्टी लेखी ठरायला हव्यात. किती जमीन कायम सार्वजनिक राहणार, आणि दुकानांचं भाडं कुणासाठी खर्च होणार. हे ठरलं नाही तर ‘मिश्र वापर’ म्हणजे मॉल, आणि त्याच्या दारात रंग दिलेलं एक इंजिन.

आणि तिसरी गोष्ट, माणसं. ८ मे १९७४ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला, वीस दिवस चालला. रेल्वे वसाहतींमधल्या घराघरात त्याची झळ पोचली. कल्याणच्या इतिहासात हे यायला नको? बॉयलरसमोरची पाळी कशी असायची, संपात चूल कशी पेटली, हे यंत्र सांगत नाही. हिशोब करून बघा. पॉवर हाऊस बंद झालं तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेलाय. त्याच्या वरिष्ठांचं वय तुम्हीच मोजा. इमारत आणखी दहा वर्षं थांबेल कदाचित. ही माणसं थांबणार नाहीत.

आपल्याकडं संस्थांची परंपरा नाही असंही नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, म्हणजे रेल्वे आल्यावर दहाच वर्षांत निघालेलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. संग्रहालयाला इमारत मिळेल तेव्हा मिळेल. आठवणी ध्वनिमुद्रित करणं, पगारपत्रकं, ओळखपत्रं, फोटो गोळा करणं हे काम अशा वाचनालयाच्या एका खोलीतून सुरू होऊ शकतं. उद्या जागा मिळाली, तर आत ठेवायला काही तरी असेल. नाही मिळाली, तर निदान ते हरवणार तरी नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी शेडमधलं किंवा पॉवर हाऊसमधलं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा. नाव, हुद्दा, पाळीची वेळ, एवढ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. आता प्रश्न घेऊ या.