मान्रेझा येथील आत्मिक संग्राम

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करितांना एक प्रश्न आपणांपुढें सहज उभा राहतो. प्रार्थनेंत गोडी वाटेनाशी झाली, मिस्सेस जाण्याचा कंटाळा आला, जुना मोह पुन्हां डोकें वर काढूं लागला, म्हणजे ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? वादळ ओसरेपर्यंत स्वस्थ बसावें, कीं उठून त्यास तोंड द्यावें? याचें उत्तर संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रांत आपणांस सांपडतें.

दि. २० मे १५२१ रोजीं पाम्प्लोनाच्या किल्ल्याचें रक्षण करितांना तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. घरीं अंथरुणास खिळले असतां ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें त्यांच्या वाचनांत आलीं आणि त्यांचें मन पालटलें. मार्च १५२२ मध्यें मोन्सेरात येथें त्यांनीं गतायुष्याचें संपूर्ण पापनिवेदन केलें, पवित्र मरियेच्या वेदीपाशीं तलवार ठेविली आणि जवळच्या मान्रेझा गांवीं ते भिक्षा मागून राहूं लागले.

खरें युद्ध तेथें सुरू झालें. असलें खडतर जीवन सत्तर वर्षें कसें सोसशील, असा विचार एके दिवशीं मनांत आला. एका तासाच्या आयुष्याची तरी हमी तूं देशील काय, असा उलट सवाल करून त्यांनीं तो परतविला. परंतु पुढें याहून कठीण प्रसंग आला. जुन्या पापांविषयींच्या शंका त्यांस रात्रंदिवस छळूं लागल्या. पुनःपुन्हां पापनिवेदन करूनही चैन पडेना. जीव द्यावा, असाही विचार आला. नित्य सात तास गुडघे टेकून प्रार्थना चालूच होती. शेवटीं एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत त्यांनीं अन्नपाणी वर्ज्य केलें, तरी शंका हटल्या नाहींत. धर्मगुरूंनीं उपास सोडण्याची आज्ञा केली. ती त्यांनीं निमूटपणें पाळिली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशीं शंका परतल्या. तेव्हां हे विचार आपणांस कोठें नेत आहेत, हें त्यांनीं नीट पाहिलें. सन्मार्गाचाच वीट आणणारा विचार देवाचा नव्हे, हें ओळखून त्यांनीं पूर्वीचीं पापें पुन्हां न निवेदण्याचा निश्चय केला, आणि देवाच्या दयेनें त्यांची सुटका झाली.

केवळ देहदंडानें हा जय मिळाला नाहीं, हें आपण ध्यानांत ठेविलें पाहिजे. झुंज त्यांनीं सोडिली नाहीं. परंतु आज्ञापालन, विवेक आणि देवकृपा यांवांचून ती व्यर्थ ठरली असती.

हाच अनुभव त्यांच्या आत्मिक साधनेच्या ग्रंथांत नियमरूपानें उतरला. पोप तिसरे पॉल यांनीं १५४८ मध्यें त्यास मान्यता दिली. मन शुष्क असतां पूर्वीचा शुभ निश्चय बदलूं नये. उलट प्रार्थना, आत्मपरीक्षण व यथायोग्य प्रायश्चित्त वाढवावें. प्रार्थनेचा एक तास नकोसा वाटत असेल, तर तासाहून थोडें अधिक थांबावें. शत्रूची कुजबुज लपवूं नये; धर्मगुरूंस सांगतांच तिचें बळ जातें. सेनापति तटाची कच्ची बाजू हेरतो, तसा सैतान आपली उणीव हेरतो. म्हणून पहारा तेथेंच ठेवावा.

हा वारसा आपणांस परका नाहीं. पॅरिस येथें याच साधनेंतून गेलेले संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. तेव्हां, धर्मबंधुभगिनींनों, ज्या घरांत सायंकाळची प्रार्थना बंद पडली असेल, तेथें ती आजच सुरू करूं या; आणि ज्या दिवशीं मन लागणार नाहीं, त्या दिवशीं आणखी थोडा वेळ गुडघ्यांवर राहूं या. तेवढें बळ प्रभु येशू आम्हां सर्वांस देवो.