थेंबाची वाट

आमच्या घरी जी जुनी स्कूटर होती, ती सकाळी किक मारण्याआधी एका अंगावर कलती करावी लागे. कलती केली की चालू होते, हे वाड्यातल्या पोरासोरांनाही माहीत होते. का होते, हे विचारायची पद्धत नव्हती. पुढे एका गॅरेजवाल्याने मला कार्ब्युरेटर उघडून दाखवला. आत एवढीशी वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, फ्लोटला टेकलेली सुई. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की सुई सुटते. अभियांत्रिकीची पदवी माझ्यापाशी नाही. मोटारींच्या इतिहासात मी शिरलो तो या वाटीतून, आणि म्हणूनच कदाचित एका प्रसिद्ध मोटारीकडे मी तिच्या दारांऐवजी तिच्या पेट्रोलच्या नळ्यांमधून पाहत आलो आहे.

ती मोटार म्हणजे मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल. ६ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पक्ष्याने पंख उचलावेत तशी वर उघडणारी तिची दारे पाहून लोक थक्क झाले आणि आजही तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यातले अर्धे दारांविषयीच असते. (खरे तर ती दारे नाइलाजाची होती. नळ्यांचा सांगाडा बाजूंना इतका उंच होता की दार नेहमीसारखे लावणे शक्यच नव्हते.) मला कुतूहल वाटते ते इंजिनाचे. १९५१ साली कंपनीने ‘३००’ नावाची भारदस्त सेदान गाडी आणली, तिचे इंजिन २,९९६ घन सेंटिमीटरचे आणि शक्ती ११५ अश्वशक्ती. १९५२ साली हेच इंजिन तीन कार्ब्युरेटर लावून शर्यतीच्या गाडीत बसवले, तेव्हा ते सुमारे १७० वर गेले. त्या गाडीने त्याच वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. आणि दोन वर्षांनी विक्रीच्या गाडीत, आकारमान तेच ठेवून, २१५! शर्यतीच्या गाडीपेक्षा ग्राहकाला विकायची गाडी अधिक ताकदवान, हा उलटा प्रकार झाला कसा? वरच्या ४५ अश्वशक्ती आल्या कुठून?

थोडा वाटा कॅमशाफ्टचा आणि वाढवलेल्या दाबाचा आहे, तो नाकारता येणार नाही. पण त्या दोन्हींचा लाभ घेता आला तो पेट्रोलची वाट बदलल्यामुळे.

कार्ब्युरेटर पेट्रोल देतो ते हवेच्या ओढीने. हवेच्या मार्गात एक आवळलेला गळा असतो. तिथे हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. गळा अरुंद ठेवला तर गाडी संथ चालताना पेट्रोल छान ओढले जाते, पण वेगात त्याच गळ्यात इंजिनाचा श्वास कोंडतो. रुंद केला तर वेगात मोकळा श्वास, पण बाजारपेठेतून जाताना इंजिन ठसकत राहते. एकाचे तीन कार्ब्युरेटर केले तरी तीन गळे राहतातच. शक्ती वाढवायची म्हणजे हवा वाढवायची, आणि कार्ब्युरेटरमध्ये हवा अडवल्याशिवाय पेट्रोलच येत नाही, असा हा पेच आहे.

मी एकदा वहीत हिशेब मांडला. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव किलोच्या आतबाहेर पेट्रोल लागते. २२५ ग्रॅम धरले तर २१५ अश्वशक्तीला तासाला ४८ किलो, म्हणजे सुमारे ६५ लिटर. मिनिटाला लिटरभराहून थोडे अधिक. मिनिटाला लिटर म्हणजे घरातला नळसुद्धा हसत देईल. अवघड आहे ते वाटपाचे. ५,८०० फेऱ्यांना सहा सिलिंडर मिळून मिनिटाला १७,४०० वेळा पेट्रोल मागतात. प्रत्येक वेळचा वाटा साठेक घन मिलिमीटर, एका थेंबाएवढा, आणि पिस्टन हवा आत घेत खाली जातो तो अवधी सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका. एवढ्यात तो थेंब मोजून, फोडून, सहाही जागी सारखा पोचला पाहिजे.

हे काम करणारा पंप मोटारीसाठी जन्मलेला नव्हता. बॉश कंपनीने १९२७ पासून डिझेल इंजिनांसाठी असे पंप बनवायला घेतले होते. पेट्रोलसाठी ती विद्या पक्की झाली ती लढाऊ विमानांत. डाइमलर-बेंझचे डीबी ६०१ हे इंजिन थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडत असे आणि ते मेसरश्मिट १०९ या विमानात होते. समोर ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन, रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर आणि कार्ब्युरेटरवर उडणारी. जर्मन वैमानिकाने एकदम नाक खाली घातले आणि ब्रिटिशाने तसाच पाठलाग केला, की मर्लिन खोकत असे. सूर मारताना वाटीतले पेट्रोल वर उसळे, आधी इंजिन उपाशी राहे. मग फ्लोटचा गोंधळ होऊन सुई पूर्ण उघडे आणि पंपाचे सारे पेट्रोल आत लोटून इंजिन गुदमरे. ब्रिटिश वैमानिक आधी विमान पालथे करून मग खाली वळत. तेवढ्या क्षणात शत्रू निसटे, किंवा तोच मागे येई.

यावर उपाय काढला फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या बिअट्रिस शिलिंग यांनी. ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या पुढे नेऊन सुवर्णतारा मिळवलेल्या या बाई. त्यांनी केले ते इतकेच, की पंपाकडून येणाऱ्या नळीत छिद्राचे एक छोटे पितळी बूच बसवले. छिद्राचे माप असे, की इंजिनाला पूर्ण ताकदीवर जेवढे पेट्रोल लागते तेवढेच त्यातून जावे. इंजिनाला किती हवे याचा माझा वहीतला हिशेब त्यांनी जिवाच्या बोलीवर मांडला होता. १९४१ च्या आरंभी त्या आणि त्यांचे सहकारी विमानतळ-विमानतळ फिरून ही बुचे बसवत होते.

या गोष्टीवरून जर्मन पुढारलेले आणि ब्रिटिश मागासलेले असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. मला तो पटत नाही. रोल्स-रॉइसचे स्टॅन्ली हूकर यांनी पुढे कार्ब्युरेटरची बाजू ठामपणे मांडली आहे. सुपरचार्जरच्या तोंडाशीच पेट्रोल मिसळले की त्याची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा दाट असते आणि दाट हवेत शक्ती अधिक. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडले तर सुपरचार्जरला हा लाभ मिळत नाही. दोन्ही वाटांना आपापली जकात होती.

युद्धानंतर जर्मनीला विमाने बनवायची बंदी झाली आणि ही विद्या बेकार बसली. डीबी ६०१ च्या इंधनपुरवठ्यावर काम केलेले हान्स शेरेनबर्ग गुटब्रोड या लहानशा कंपनीत गेले. तिथे बॉशच्या साह्याने एका छोट्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलचे थेट इंजेक्शन आले. १९५२ मध्ये शेरेनबर्ग डाइमलर-बेंझमध्ये परतले, आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कचे प्रदर्शन. वंशावळ अशी सरळ सांगता येते. पण तिच्यातली एक ओळ सहसा गाळली जाते. १९४४ साली या कंपनीच्या जवळजवळ ६३ हजार कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतून आणलेली होती. हे आज कंपनी स्वतःच नोंदवते. विमानांची इंजिने ज्या कारखान्यांत घडत होती, त्यांतलीच ही माणसे.

३०० एसएलमध्ये कार्ब्युरेटर गेला, गळा गेला. हवेला लांब, मोकळ्या नळ्या मिळाल्या. पूर्वीच्या इंजिनात जिथे स्पार्क प्लग होते त्या भोकांत नॉझल आले आणि प्लग डोक्यावर सरकले. पंपात सहा सिलिंडरांसाठी सहा दट्टे. डिझेल स्वतःच तेलकट असल्याने त्याच्या पंपाला वंगण आपोआप मिळते. पेट्रोल उलट वंगण धुऊन काढते, म्हणून या पंपाला इंजिनाचे तेल वेगळे पुरवावे लागले.

मग ग्राहकांच्या हाती गाडी गेल्यावर जकात दिसू लागली. पंप इंजिनाला जोडलेला. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत चार फेरे घेतेच, आणि तेवढा वेळ पंप इमानाने थेंब टाकत राहतो. ते पेट्रोल जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरते. शर्यतीत तासन्‌तास तापलेल्या इंजिनात ते वाफ होऊन निघून जाई. पण गाडी क्लबपर्यंत नेऊन परत आणणाऱ्या श्रीमंताच्या इंजिनात तेल पुरते तापतच नसे. परिणामी तेल पातळ होई आणि सुमारे हजार मैलांत बदलावे लागे. तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास येणे हे या गाडीच्या मालकांचे परिचित दुखणे.

अशा दारांच्या १,४०० गाड्या १९५७ पर्यंत बनल्या आणि नंतर उघड्या टपाच्या १,८५८ गाड्या १९६३ पर्यंत. मधल्या काळात कंपनीने स्वतःच पाऊल मागे घेतले. १९५७ ची ३०० डी आणि १९५८ ची २२० एसई या गाड्यांत इंजेक्शन राहिले, पण पेट्रोल सिलिंडरच्या आत सोडण्याऐवजी बाहेर, हवेच्या नळीतच सोडले जाऊ लागले. शक्तीचा थोडा लाभ सुटला, तेल वाचले. पेट्रोल पुन्हा थेट सिलिंडरमध्ये सोडणारी मोठ्या संख्येने विकली गेलेली गाडी यायला १९९६ उजाडले. ती जपानची मित्सुबिशी गॅलंट. तिच्यात किती आणि कधी सोडायचे ते वीज ठरवत होती. किल्ली फिरवली की थेंबही थांबत असे.