‘सरकारी जावई’ कोण?

आरक्षणातून नोकरीला लागलेल्या माणसाच्या पाठीमागे कुजबुजत वापरला जाणारा एक शब्द आहे : ‘सरकारी जावई’. जावई म्हणजे कामाला हात न लावता मान घेणारा, धोंड्याच्या महिन्यात सासरी बसून अनारसे खाणारा. ‘याला फुकट मिळाले, आमच्यावर अन्याय झाला’ हा अख्खा आरोप एका शब्दात उरकतो. पुरावा द्यावा लागत नाही.

आता इतिहास पाहू. महार वतनदार सरकारचा खरोखर कोण होता? निरोप पोचवणारा, शिवेची राखण करणारा, सरकारी अंमलदाराच्या दिमतीला उभा राहणारा, मेलेले ढोर ओढणारा. १८७४ च्या वतन कायद्याखाली ही चाकरी रात्रंदिवस चाले. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी धरून नेत. मोबदला काय? वाटण्या होऊन तुकडे पडलेली वतनी जमीन, बलुत्याचे धान्य आणि दारोदार मागितलेली भाकर. या सगळ्याला नाव मात्र भारदस्त : ‘हक्क’! बेदरच्या बादशहाने दिलेल्या ‘बावन हक्कां’ची कथा आजही सांगितली जाते. मेलेल्या जनावराचे कातडे हासुद्धा हक्कच. शिळ्या भाकरीला हक्क म्हटले की मजुरी मागायची वाटच बंद होते.

बाबासाहेबांनी ही शब्दांची चलाखी ओळखली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन म्हणजे मान नव्हे, गुलामी आहे, हे त्यांनी सरकारला आणि आपल्याच समाजालाही सांगितले. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल यंग यांचे ‘मेरिटॉक्रसी’वरचे पुस्तक आले. ते उपहासाने लिहिलेले होते. गुणवत्तेच्या नावाखाली नवा वरचा वर्ग कसा तयार होईल, याचा तो इशारा होता. लोकांनी मात्र तो शब्द कौतुकाचा करून टाकला, आणि २००१ साली यंग यांना त्याबद्दल जाहीर तक्रार करावी लागली. आपल्याकडचे ‘मेरिट’ तरी वेगळे काय आहे? पैसे मोजून घेतलेल्या जागेला ‘पेमेंट सीट’ असे सभ्य नाव मिळते. २०१९ साली आर्थिक निकषावर १० टक्के आरक्षण आले आणि त्यातून एससी, एसटी, ओबीसींना वगळले. त्या लाभार्थ्यांना जावई म्हणून कोणी हिणवले का?

याचा अर्थ शिवी आरक्षणाला नाही, जातीला आहे.

आपला शब्द वेगळा आहे : प्रतिनिधित्व. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी तोच मांडला. राज्यघटनेच्या कलम १६(४) ची कसोटीही तीच आहे : नोकऱ्यांत मागासवर्गाला पुरेसे प्रतिनिधित्व आहे की नाही? हा वाटा आहे, आहेर नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘जावई’ म्हटले तर चिडू नका. शांतपणे एवढेच विचारा : पिढ्यानपिढ्या बिनपगारी राबणारा जावई तुम्ही कुठे पाहिलात?

जय भीम!