सर्पिल दीर्घिकांचे अवरक्त वेध
सर्पिल दीर्घिकांमधील धूळ आणि त्या धुळीच्या आड चालणारी ताऱ्यांची निर्मिती यांचा, अवरक्त प्रारणाच्या (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य प्रारणाच्या) साहाय्याने केलेला अभ्यास. दृश्य प्रकाशात जी धूळ केवळ अडथळा ठरते, तीच अवरक्तात प्रारणाचा उगम बनते. त्यामुळे दीर्घिकेत किती तारे नव्याने जन्मत आहेत, याचा हिशेब या वेधांनंतर मुळापासून बदलावा लागला.

कार्तिक अमावास्येच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडसारख्या कृष्णाकाठच्या गावातून, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर जाऊन, रात्रीच्या पहिल्या प्रहरात आकाश पाहिले, तर या विषयाची दोन्ही टोके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पश्चिमेस हंस व गरुड या तारकासमूहांतून जाणारा आकाशगंगेचा पट्टा मध्येच दुभंगलेला दिसतो. वर चढलेल्या देवयानी तारकासमूहात एक अंधुक डाग असतो, ती सु. २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी ही सर्पिल दीर्घिका होय. आकाशगंगेतील दुभंग हा ताऱ्यांचा अभाव नव्हे. मध्ये आलेल्या धुळीच्या मेघांची ती सावली आहे. विल्यम हर्शेल यांना अशा काळ्या जागा म्हणजे आकाशातील भोके वाटली होती. तापमापकाच्या साहाय्याने १८०० मध्ये अवरक्त प्रारणाचा शोध हर्शेल यांनीच लावला. परंतु या दोन गोष्टींचा परस्परसंबंध लक्षात येण्यास पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. ताऱ्यांमधील अवकाशात सर्वत्र प्रकाश शोषणारे द्रव्य आहे, हे आर्. जे. ट्रंप्लर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अंतरांवरून सिद्ध केले.

आंतरतारकीय धूलिकण प्रामुख्याने सिलिकेटे व कार्बन यांचे असून त्यांचा आकार सर्वसाधारणपणे १ मायक्रॉनहून (मिमी.च्या हजाराव्या भागाहून) लहान असतो. वस्तुमानाने धूळ वायूच्या शंभराव्या भागाइतकीच भरते. मात्र नवजात व वजनदार ताऱ्यांचे जंबुपार प्रारण ती सहज शोषून घेते, तापते आणि शोषलेली ऊर्जा अवरक्तात परत टाकते. ४० के. तापमानाची धूळ सु. ७० मायक्रॉन तरंगलांबीला, तर २० के. तापमानाची धूळ सु. १४५ मायक्रॉनला सर्वाधिक तळपते. सामान्य सर्पिल दीर्घिकेतील ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापैकी सु. एक-तृतीयांश प्रकाश या मार्गाने बाहेर पडतो. म्हणून केवळ जंबुपार वा दृश्य प्रकाशावरून केलेली नवताऱ्यांची मोजदाद अपुरी राहते आणि ज्या मेघांत निर्मिती जोमाने चालू असते, नेमके तेच मोजदादीतून सुटतात.

हे वेध घेणे सोपे नव्हते. वातावरणातील पाण्याची वाफ दूरस्थ अवरक्त प्रारण जवळजवळ सगळेच अडवते. शिवाय दूरदर्शक स्वतःच या तरंगलांब्यांत तळपत असतो. दिवसाढवळ्या, आणि तेही पेटत्या दुर्बिणीतून, तारे पाहावेत असाच हा प्रकार म्हणावा लागेल. फ्रँक लो यांनी १९६१ मध्ये द्रव हीलियमाने थंड केलेला जर्मेनियम बोलोमीटर (प्रारणाची उष्णता मोजणारे उपकरण) तयार केला, तेव्हा वाट मोकळी झाली. जानेवारी १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरस’ या अमेरिका, नेदर्लंड्स व ब्रिटन यांच्या उपग्रहाने ५७ सेंमी. दूरदर्शकातून दहा महिन्यांत जवळजवळ संपूर्ण आकाश १२, २५, ६० व १०० मायक्रॉन या चार पट्ट्यांत पाहिले. देवयानी दीर्घिकेत केंद्रापासून सु. ३३,००० प्रकाशवर्षांवर असलेले धुळीचे कडे त्यात ठळकपणे दिसून आले.

आयरसची दृष्टी मात्र १०० मायक्रॉनपाशी थांबत होती आणि तेथेच हिशेब चुकला. त्याच्या मापनांवरून १९९० च्या सुमारास सर्पिल दीर्घिकांतील धूळ मोजली, तेव्हा ती वायूच्या मानाने आकाशगंगेतील प्रमाणाच्या केवळ दहाव्या हिश्श्याइतकी भरली. दीर्घिकांत धूळ कमी होती असे नव्हे. बहुतेक धूळ इतकी थंड होती की, आयरसला ती दिसत नव्हती.

या थंड धुळीच्या टापूत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केलेले काम मराठी वाचकास फारसे परिचित नाही. संस्थेची बलून उड्डाणांची परंपरा होमी भाभा यांच्या विश्वकिरण संशोधनापासूनची. तिच्या हैदराबाद येथील केंद्रावरून १०० सेंमी. व्यासाच्या आरशाचा दूरदर्शक पॉलिएथिलिनाच्या बलुनाने सु. ३० किमी. उंचीवर, म्हणजे जवळजवळ सर्व बाष्पाच्या वर, नेला जाई. रात्रभर वेध घेतल्यावर तो हवाई छत्रीने खाली उतरवून पुन्हा वापरण्यात येई. त्यातील बोलोमीटर हीलियम-३ च्या साहाय्याने ०·३ के.पर्यंत थंड केलेले असत आणि सु. १४० व २०० मायक्रॉन या दोन पट्ट्यांत एकाच वेळी मापन होत असे. दोन्ही मापनांच्या गुणोत्तरावरून धुळीचे तापमान थेट काढता येते, हा या योजनेचा खरा लाभ होय. मृग नक्षत्रातील मेघांमध्ये थंड धूळ कशी पसरली आहे, याचे नकाशे या दूरदर्शकाने तयार केले. १९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांचा वर्णपटमापक त्याला जोडून आयनीभूत कार्बनाची १५८ मायक्रॉनची रेषाही पाहण्यात आली.

हे वेध मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील मेघांचे होते, यास कारण आहे. २०० मायक्रॉनला १ मी. व्यासाच्या आरशाची भेदनक्षमता सु. एक कलाच असते, सु. अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या सर्पिल दीर्घिकेत तेवढ्या कोनात ८,००० प्रकाशवर्षांचा प्रदेश मावतो आणि सर्पिल बाहू एकमेकांत मिसळून जातात. तरीही दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या एकवट प्रारणाचा अर्थ लावण्यास जवळच्या मेघांचाच आधार घ्यावा लागतो.

बाहू सुटे दिसण्यासाठी अवकाशात मोठे आरसे न्यावे लागले. ‘स्पिट्झर’ (२००३–२०, ८५ सेंमी.) आणि विशेषतः ‘हर्शेल’ (२००९–१३, ३·५ मी.) या वेधशाळांनी थंड धुळीचा हिशेब पुरा केला. जंबुपार बाजू भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ (२०१५) वरील दूरदर्शकाने पाहिली; तो उभारण्यात पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचाही वाटा आहे.

तथापि तापलेली धूळ म्हणजे नवे तारे, हे समीकरणही सरसकट लागू पडत नाही. देवयानीच्या मध्यभागातील धूळ कड्यातील धुळीपेक्षा अधिक उष्ण असल्याचे हर्शेल वेधशाळेला आढळले. तिला तापवणारे तारे मात्र म्हातारे व दाटीने वसलेले आहेत. सगळी धूळ नवताऱ्यांनीच तापवली, असे धरल्यास त्या दीर्घिकेतील ताऱ्यांचा जन्मदर फुगलेला येतो. प्रत्यक्षात तो वर्षाला सूर्याच्या एका वस्तुमानापेक्षाही कमी आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या ६·५ मी. व्यासाच्या ‘जेम्स वेब’ दूरदर्शकाने मीन तारकासमूहातील एम ७४ यांसारख्या दीर्घिकांचे बाहू पाहिले, तेव्हा ते सलग पट्टे नसून धुळीच्या धाग्यांनी वेढलेल्या बुडबुड्यांची जाळी असल्याचे दिसले. वजनदार ताऱ्यांचे वारे व स्फोट यांनी हे बुडबुडे पोखरले असून त्यांच्या कडांवर दाबल्या गेलेल्या वायूत कित्येक ठिकाणी पुढच्या पिढीचे तारे तयार होत आहेत.